कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना मजेत कसं राहायचं? चांगल्या दिवसांचं प्लॅनिंग, स्टेप बाय स्टेप

कॅन्सर कळला की त्या दिवसापासून माणसाला चारही बाजूंनी एकच सल्ला मिळतो, पॉझिटिव्ह राहा. देणारे सगळे प्रेमानेच देतात, त्यात वाद नाही, पण तो अमलात कसा आणायचा हे कुणीच सांगत नाही, म्हणजे पोटात ढवळतंय, तोंड आलंय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही आणि सकाळी उठून हसतमुख कसं राहायचं? माझ्या ताईची ट्रीटमेंट चालू होती तेव्हा मी तिच्यासोबत असायचे, त्यातून आणि नंतर या विषयावर जे जे वाचलं त्यातून माझं एक पक्कं मत झालंय. या काळात मजा आपोआप येत नाही, तिच्यासाठी कॅलेंडरवर जागा काढावी लागते, आणि ती जागा नेमकी कुठे आहे हे थोडं लक्ष दिलं तर शोधता येतं. ते कसं, हेच खाली लिहिलंय. पेशंटने वाचा, घरच्यांनी पण वाचा.

आधी डोक्यावरचं ओझं उतरवा

बऱ्याच पेशंटना मनातून अशी भीती असते की मी रडले, खचले तर माझा आजार वाढेल. ही भीती इतकी खोल बसलेली असते की लोक बाथरूमचा नळ सोडून रडतात, घरच्यांना आवाज जाऊ नये म्हणून. तर एक गोष्ट नीट वाचा. २००७ मधे जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १०९३ पेशंटची माहिती तपासली, ट्रीटमेंटच्या सुरुवातीला कुणाची मनःस्थिती कशी होती आणि पुढे कोण किती जगलं असं ताडून बघितलं, आणि त्यात काही संबंध सापडला नाही. आनंदी होते ते जास्त जगले आणि खचलेले कमी, असं काही दिसलं नाही. जिमी हॉलंड नावाच्या डॉक्टर होत्या, न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधे १९७७ पासून त्यांनी कॅन्सर पेशंटच्या मनावर काम केलं, त्या तर या सक्तीच्या पॉझिटिव्ह विचारांना सरळ जुलूम म्हणायच्या.

म्हणजे तुमच्या रडण्याने गाठ वाढत नाही. कॅन्सर झाला तो तुम्ही टेन्शन घेतलंत म्हणून, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

मग मजेत राहायचं कशाला? तर हे सहा महिने, आठ महिने, जे काही असतील ते तुमच्याच आयुष्यातले आहेत म्हणून. ते वजा करून पुढचं आयुष्य मोजायचं असं नसतं. आणि मन जरा बरं असलं की खाणं, चालणं, औषधं वेळेवर घेणं हे सगळं सोपं जातं, हा फायदा पण काही लहान नाही. पण एखाद्या दिवशी नाही जमलं तर तो दिवस तसाच जाऊ द्या, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

शरीराच्या तक्रारी आधी मिटवा

मळमळतंय त्या माणसाला कुठलाही विनोद हसवू शकत नाही. म्हणून मूड सुधारायची पहिली पायरी गोळ्यांच्या डब्यापाशी आहे. उलटीची गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची असते, "बघू, झालीच तर घेऊ" असं करायचं नाही, डॉक्टरांनी जशी वेळ लिहून दिलीय तशी घ्या. तरी त्रास होत असेल तर पुढच्या वेळी नक्की सांगा, कारण उलटीवर एकच औषध नसतं, बरीच आहेत आणि कॉम्बिनेशन बदलता येतं. लोक सांगतच नाहीत, त्यांना वाटतं केमो म्हणजे हे सहन करायचंच. दुखण्याचं पण तसंच. पोट साफ न होणं ही बारीक वाटणारी गोष्ट माणसाला दिवसभर चिडचिडं करते, ऑन्डॅनसेट्रॉनसारख्या उलटीच्या गोळीनेच बद्धकोष्ठता होऊ शकते, तर लाजू नका, विचारा.

आता एक गोष्ट जी आधीच माहीत असलेली बरी. केमोच्या आसपास बऱ्याचदा डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. त्याने एक-दोन दिवस माणूस एकदम तरतरीत, बडबड्या होतो, रात्री झोप नाही, भूक जास्त, कधी उगाच चिडचिड. आणि ते बंद झालं की धाडकन खाली येतो, अंगात त्राण नाही, कारण नसताना डोळ्यात पाणी. घरच्यांना वाटतं आता हिने धीर सोडला. तसं नसतं, ते औषधाचं ओसरणं असतं आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसात निवळतं. झोप उडत असेल तर डोस सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारून घ्या.

सतत मरगळ असेल तर हिमोग्लोबिन कमी आहे का, आणि इम्युनोथेरपी (शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी ट्रीटमेंट) चालू असेल तर थायरॉइड बिघडलंय का, हे तपासायला हवं. मन खचलंय असं ज्याला आपण म्हणतो त्यातलं बरंचसं कधीकधी रक्ताच्या रिपोर्टमधे सापडतं.

आणि तापाचा नियम. केमो चालू असताना ३८ डिग्री सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा, आधी तापाची गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही. मजेच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण हा नियम पाठ असला, नंबर फोनमधे सेव्ह असला आणि थर्मामीटर हाताशी असला की बाकी वेळ धास्ती घेऊन बसावं लागत नाही.

स्वतःचा नकाशा काढा

हा या सगळ्यातला माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग, म्हणून जरा निवांत वाचा.

एक साधी वही घ्या. रोज झोपताना तीन गोष्टी लिहायच्या: केमोपासून कितवा दिवस, आजचा दिवस शून्य ते दहामधे किती बरा गेला, आणि एक ओळ. बास, यापेक्षा जास्त लिहायला गेलात तर आठवड्यात बंद पडतं. ताईच्या वहीत असं असायचं: "दिवस २. ७. झोप नाही, कपाट आवरलं." "दिवस ४. २. रडू. कारण माहीत नाही." "दिवस ६. ४. पाण्याला चव आली." "दिवस १६. ८. मैत्रिणी आल्या, हसून पोट दुखलं." दोन सायकल (एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचे दिवस म्हणजे एक सायकल) झाल्या आणि वही उघडून बघितली तर दिवस ४ दोन्ही वेळा दोनच होता. तिसऱ्या वेळी दिवस ४ आला तेव्हा ती रडली नाही असं नाही, रडलीच, पण घाबरली नाही. "आज चौथा ना, मग बरोबर आहे" म्हणाली आणि पांघरूण घेऊन झोपली.

तीन आठवड्यांची सायकल असेल तर साधारण चित्र असं दिसतं, पहिले चार-पाच दिवस वाईट, मग हळूहळू बरं वाटायला लागतं, सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात म्हणजे अंगात बळ आलं तरी गर्दीत जायचं नाही, आणि तिसरा आठवडा सगळ्यात चांगला. पण प्रत्येकाचं वेगळं असतं, औषध वेगळं, सायकल वेगळी, त्यामुळे स्वतःची वहीच खरी.

आता कॅलेंडर समोर घ्या आणि तीन रंगात रंगवा. वाईट दिवस लाल, त्यात काहीच ठरवायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, कुठला निर्णय घ्यायचा नाही. मधले पिवळे, घरातल्या घरात जे जमेल ते. आणि हिरवे दिवस, हे तुमचे. इथे गंमत अशी होते की हिरव्या दिवसात माणूस साठलेली कामं काढतो, बिलं, बँक, साफसफाई, इन्शुरन्सचे कागद, आणि बघता बघता पुढची केमो येते. असं होऊ देऊ नका. हिरव्या दिवसांमधे आधी एक आवडीची गोष्ट तारीख-वेळेसकट लिहून टाका, मग उरलेल्या जागेत कामं. कागदपत्रांची कामं दुसऱ्या कुणाला तरी करता येतात, तुमच्या वाटचं हसणं तुम्हालाच हसायला लागतं.

रेडिएशनचा नकाशा वेगळा. ते बहुतेक वेळा सोमवार ते शुक्रवार रोज थोडा वेळ असं काही आठवडे चालतं, आणि थकवा साठत साठत जातो, शेवटच्या आठवड्यांमधे आणि संपल्यावरही थोडे दिवस जास्त जाणवतो. म्हणजे जे काही बाहेर जाऊन करायचंय ते सुरुवातीच्या आठवड्यांमधे उरकून घ्या. रोजच्या गोळ्या किंवा हार्मोन थेरपी असेल तर तिथे आठवड्यापेक्षा दिवसातले तास बघायचे, कुणाला सकाळी दहा ते बारा बरं वाटतं, कुणाला संध्याकाळी. ते दोन तास जपा.

मजेची यादी करा, पण तीन मापांची

यादी चांगल्या दिवशी करायची, कारण वाईट दिवशी काहीच सुचत नाही. तीन भाग करा: अंथरुणात पडल्या पडल्या करता येण्यासारख्या गोष्टी, घरात उठून बसून करता येण्यासारख्या, आणि बाहेर जाऊन. पहिल्या भागात जास्तीत जास्त गोष्टी हव्यात, लोक नेमका तोच भाग रिकामा ठेवतात. ऑडिओबुक, जुने फोटो बघणं, कुणाला तरी व्हॉइस मेसेज पाठवणं, खिडकीतले पक्षी, डोक्याला तेल लावून घेणं, आधी बघितलेली सिरीज परत बघणं (नवीन बघायला डोकं लागतं, केमोमधे लक्ष टिकत नाही, आधी बघितलेलंच बरं वाटतं).

पूर्वी जे आवडायचं ते आता जमत नाही, हे दुःख खरं आहे आणि ते कुणी उडवून लावू नये. पण त्या आवडीचं काय सुटलंय आणि काय उरलंय ते वेगळं करून बघा. समजा कुणी ग्रुपमधे गायचं आणि आता तोंडात फोड आलेत, गाता येत नाही. तर त्या गाण्यात नेमकं काय आवडायचं? सूर? मग प्रॅक्टिस चालू असताना कुणीतरी फोन चालू ठेवा आणि ऐका. माणसं? मग प्रॅक्टिस झाल्यावर पंधरा मिनिटं दोघीजणी घरी येऊ देत. बाग आवडायची आणि पेशी कमी असताना मातीत हात घालायचा नाही असं सांगितलंय, तर खुर्ची टाकून बसा आणि दुसऱ्याला सांगा कुठे काय लावायचं.

मूड आला की करू, असं म्हणाल तर तो येत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगते. आधी करायला घ्यायचं, दहाच मिनिटं, नाही आवडलं तर सोडून द्यायचं. मानसोपचारात डिप्रेशनवर हीच पद्धत वापरतात, आधी कृती, मग मन मागून येतं.

केमोच्या दिवशी आवडीचं खाऊ नका

हे वाचून लोकांना आश्चर्य वाटतं. आपण काय करतो, आज केमो आहे ना, मग तिच्या आवडीचं काहीतरी करून देऊ. पण मेंदू मळमळीचा दोष शेवटी खाल्लेल्या पदार्थावर टाकतो, आणि मग तो पदार्थ पुढे कित्येक महिने नकोसा होतो. आयलीन बर्नस्टाइन नावाच्या संशोधिकेने १९७८ मधे केमो घेणाऱ्या मुलांवर हे दाखवून दिलं, केमोच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं आणि नंतर ती मुलं त्याच आइस्क्रीमला नाही म्हणायला लागली. पुढे १९८७ मधे तिनेच यातून वाट पण काढली, जेवण आणि केमो यांच्या मधे अनोळखी चवीची गोळी चघळायला दिली, तर दोष त्या गोळीवर गेला आणि जेवण बऱ्यापैकी वाचलं.

म्हणून केमोच्या दिवशी साधं, बिनवासाचं, ज्याच्यात तुमचा जीव अडकलेला नाही असं काहीतरी खा आणि एखादी कधी न खाल्लेली गोळी चघळा. आवडीचे पदार्थ तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. आवडता परफ्यूम पण त्या दिवशी लावू नका, वासाचं नातं तर फारच लवकर जुळतं, काहींना पुढे हॉस्पिटलच्या नुसत्या वासाने उलटी होते. तसं होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत, रिलॅक्सेशनचे प्रकार पण आहेत.

बाकी सोबत न्यायचं ते म्हणजे पांघरूण (तिथे गारठायला होतं), आधीच डाउनलोड करून ठेवलेलं काहीतरी, लांब वायरचा चार्जर, आणि बोलायला आवडेल असा एक माणूस, किंवा गप्प बसायला आवडेल असा. काही औषधांच्या वेळी बर्फ चघळल्याने तोंड कमी येतं, पण ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं केमोचं औषध चालू असेल तर थंड काहीही नको, हातापायाला आणि घशाला मुंग्या येतात, त्यामुळे बर्फाचं नर्सला विचारूनच.

तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरून बघा, गरम पदार्थाचा वास सहन होत नसेल तर तो कोमट किंवा गार करून खा. मऊ ब्रश, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने गुळण्या. एवढ्याने जेवणातली थोडी मजा परत येते.

थकव्यावर चालणं

झोपून राहिलं की थकवा जाईल असं वाटतं, पण कॅन्सरचा थकवा झोपेने फारसा जात नाही. त्यावर सगळ्यात चांगला पुरावा आहे तो व्यायामाचा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २०१९ मधे जे सांगितलं ते साधारण असं, आठवड्यातून तीनदा तीस मिनिटं दम थोडा वाढेल असा व्यायाम, थकव्यासाठी पण आणि मूडसाठी पण. हा आकडा वाचून घाबरू नका, सुरुवात पाच मिनिटांनी, घरातल्या घरात, भिंतीला धरून. मग सात. लाल दिवशी शून्य. ताप असेल, प्लेटलेट कमी असतील, चक्कर येत असेल किंवा हाडांमधे आजार पसरलेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुपारची झोप वीस-तीस मिनिटं, आणि चारच्या पुढे नको, नाहीतर रात्र खाते.

चालताना कुणीतरी सोबत असलं तर व्यायाम आणि गप्पा दोन्ही होतात, आणि शेजारी शेजारी चालताना माणूस मोकळं बोलतो, समोरासमोर बसल्यावर बोलत नाही तेवढं.

केस आणि आरसा

सगळ्या केमोने केस जात नाहीत, आधी विचारा. जाणार असतील तर पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. काही ठिकाणी डोकं थंड ठेवणारी टोपी मिळते, त्याने काहींचे केस टिकतात. ज्यांना जमेल त्यांनी आधीच बारीक कापून घ्यावेत असं मी म्हणेन, आवडत्या माणसांसमोर, आपल्या वेळेला, आपल्या हाताने. उशीवर झुपके बघण्यापेक्षा ते बरं. विग, स्कार्फ, टोपी की उघडं डोकं, हे फक्त पेशंटने ठरवायचं, बाकीच्यांनी मत देऊ नये. ट्रीटमेंट संपल्यावर बहुतेकांचे केस एक ते तीन महिन्यात परत यायला लागतात, कधी आधीपेक्षा वेगळेच, कुरळे वगैरे.

माणसांचं काय करायचं

माणसंच आनंद देतात आणि माणसंच दमवतात. रोज वीस जणांचे "कशी आहेस?" आणि प्रत्येकाला उत्तर. यावर सोपा उपाय म्हणजे एक माणूस नेमा, भाऊ, मैत्रीण, कुणीही, सगळ्या बातम्या तोच देईल. बाकीच्यांना एकच मेसेज: "सगळे मेसेज वाचते, छान वाटतं, उत्तर देईनच असं नाही." एवढं लिहिलं की जीव मोकळा होतो.

लोक म्हणतात काही लागलं तर सांग. सांगवत नाही ना? मग आधीच यादी करून ठेवा आणि विचारलं की त्यातलं एक काम देऊन टाका, "गुरुवारी मुलाला क्लासला सोडशील?" त्यांनाही बरं वाटतं, कारण त्यांनाही काय करावं सुचत नसतं. दुसऱ्या पेशंटच्या भयंकर गोष्टी सांगणारे आणि चमत्कारी औषधं घेऊन येणारे यांच्यासाठी एक वाक्य पाठ करा: "यावर डॉक्टरांशी बोलणं झालंय, आता दुसरं काहीतरी बोलूया."

दुसरं काहीतरी बोलणं फार महत्त्वाचं आहे. घरात रोज काही वेळ असा ठेवा की कॅन्सर, रिपोर्ट, गोळ्या, जेवलीस का, यातला एकही शब्द नाही. पत्ते खेळा, भांडा, शेजाऱ्यांच्या गोष्टी करा. पेशंटशी भांडायचं नाही असा एक अलिखित नियम घरात लागू होतो आणि त्याने पेशंटला अजूनच पाहुण्यासारखं वाटतं. टीव्हीच्या रिमोटवरून पूर्वी भांडत होतात तर आताही भांडा.

लहान मुलांपासून लपवू नका, त्यांना कळतंच, आणि न सांगितल्यावर ती स्वतःला दोष देतात. सोप्या शब्दात तीन गोष्टी: आजाराचं नाव हे आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि जवळ आल्याने तुला होत नाही. मग नेहमीसारखे लाड. नवरा-बायकोमधली जवळीक हा पण आनंदाचाच भाग आहे, तो विषय बंद करू नका. काय सुरक्षित आहे, केमोनंतर किती दिवस काळजी घ्यायची, प्लेटलेट कमी असताना काय टाळायचं, हे नर्सला विचारता येतं, त्यांना रोज कुणीतरी विचारतं.

रात्र आणि रिपोर्टची वाट

स्कॅन झाला आणि रिपोर्ट यायचाय, हे दिवस केमोपेक्षा वाईट असं बरेच जण म्हणतात. पहिलं काम, रिपोर्ट नक्की कधी आणि कुणाकडून कळणार हे स्कॅनच्या दिवशीच विचारून घ्या, म्हणजे प्रत्येक रिंगला काळजात धस्स होत नाही. दुसरं, काळजीला वेळ ठरवून द्या, संध्याकाळी वीस मिनिटं, कागद पेन घेऊन, मनात येईल ते सगळं लिहायचं, आणि रात्री तेच विचार आले की स्वतःला सांगायचं उद्या संध्याकाळी बघू. वेडगळ वाटतं पण बऱ्याच जणांना उपयोग होतो. तिसरं, वाट बघायच्या दिवसात हात गुंतवणारं काम ठेवा, विणकाम, जिगसॉ, चित्रं रंगवणं.

आणि गूगलवर किती जण किती जगतात ते आकडे बघणं थांबवा, किंवा बघायचेच तर नीट समजून बघा. स्टीफन जे गूल्ड नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांना १९८२ मधे पोटाचा मेसोथेलिओमा झाला, पुस्तकात वाचलं तर मध्यक, म्हणजे बरोबर मधला आकडा, आठ महिने. पण ते आकड्यांशी रोज खेळणारे होते, त्यांना लगेच कळलं की आठ महिने म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगतात, आणि त्यातले काही तर खूपच जास्त. ते त्यानंतर वीस वर्षं जगले, २००२ मधे वेगळ्याच कॅन्सरने गेले. सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणत नाही, पण आकडा गर्दीचा असतो, त्यात तुम्ही नेमके कुठे ते तो सांगत नाही.

हसूच येत नाही असं झालं तर

दोन आठवडे झाले, जवळजवळ रोज, दिवसभर, कशातच रस नाही, हिरव्या दिवसातही नाही, सगळं व्यर्थ वाटतंय, तर हे सगळे उपाय बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. हे डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. बऱ्याच ठिकाणी त्रास मोजायला शून्य ते दहाची एक पट्टी वापरतात, चार किंवा त्याच्या वर आकडा गेला तर मदत घ्यायची असा संकेत आहे (ही पट्टी वहीच्या उलट, इथे दहा म्हणजे सगळ्यात जास्त त्रास). तुमची वही इथे पण उपयोगी पडते, सरळ दाखवा. कॅन्सर पेशंटच्याच मनावर काम करणारे सायको-ऑन्कॉलॉजिस्ट असतात, नसतील तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. मरून जावं असे विचार येत असतील तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगा.

औषधांबाबत एक सावधगिरी. पॅरॉक्सेटिन आणि फ्लूऑक्सेटिन ही डिप्रेशनची औषधं टॅमॉक्सिफेनच्या (ब्रेस्ट कॅन्सरमधे देतात ती हार्मोन थेरपीची गोळी) कामात अडथळा आणू शकतात, त्यामुळे गोळी लिहून देणाऱ्याला तुमची सगळी औषधं माहीत हवीत. आणि मूड सुधारणारी वनस्पती म्हणून सेंट जॉन्स वॉर्ट विकतात, ती इमॅटिनिब, इरिनोटेकनसारख्या कॅन्सरच्या औषधांचा असर कमी करते, ती मनाने घ्यायची नाही.

ट्रीटमेंट संपणारच नसेल तर

काहींची ट्रीटमेंट आजार ताब्यात ठेवण्यासाठी असते, ती चालूच राहते. त्यांना "संपलं की मग मजा करू" हे लागूच होत नाही, म्हणून वरचं सगळं त्यांच्यासाठी तर जास्तच. पॅलिएटिव्ह केअर हे नाव ऐकून लोक हादरतात, शेवट आला असं वाटतं, पण ते त्रास कमी करायचं शास्त्र आहे आणि ते ट्रीटमेंटसोबत सुरुवातीपासून घेता येतं. जेनिफर टेमेल यांच्या २०१० च्या अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे १५१ पेशंट होते, ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांचं रोजचं जगणं जास्त बरं होतं, डिप्रेशन कमी होतं, आणि ते सरासरीने थोडे जास्त जगले पण. तर स्वतःहून मागा.

अशा वेळी मोठे बेत लांबच्या तारखेला ठेवू नका. पुढच्या हिरव्या आठवड्यात बसेल एवढा बेत करा, आणि रद्द करता येईल असं बुकिंग.

शेवटच्या डोसनंतर

काही हॉस्पिटलमधे ट्रीटमेंट संपली की घंटा वाजवतात, ही पद्धत १९९६ मधे अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कॅन्सर हॉस्पिटलमधून सुरू झाली, अमेरिकन नेव्हीतले एक अधिकारी तिथे पेशंट होते, त्यांनी ती घंटा आणली. वाजवाविशी वाटली तर जोरात वाजवा. नको वाटली तर नका वाजवू, शेजारच्या खुर्चीत ज्याची कधीच संपणार नाही असा कुणी असतो, त्याचा विचार मनात आला तर तोही बरोबरच आहे. घरी आपल्या माणसांत काहीतरी करा.

सगळ्यांना वाटतं आता ही नाचेल, आणि नेमकं तेव्हाच पेशंट सैरभैर होतो. इतके दिवस नर्स, डॉक्टर, तारखा होत्या, आता एकदम कुणी नाही, थकवा तर अजून काही महिने राहतो, आणि बाकीचे लोक आपापल्या कामाला लागलेले. म्हणून शेवटच्या अपॉइंटमेंटला चार गोष्टी विचारून वहीत लिहून घ्या: पुढची तपासणी कधी, कुठलं लक्षण दिसलं तर लगेच फोन करायचा, फोन कुणाला करायचा, आणि कामावर, व्यायामाला, प्रवासाला कधीपासून मोकळीक. चालायची सोबत आणि बिनकॅन्सरचा वेळ दोन्ही चालू ठेवा. वही पण अजून एक-दोन महिने लिहा, दिवसाचा नंबर आता शेवटच्या डोसपासून मोजायचा.